शनिवारचे लॅटिन आणि गप्प बसलेल्या तिघी

प्रश्न : पत्र नागपूरहून आले आहे. लिहिणारी विद्यार्थिनी २१ वर्षांची असून इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लॅटिन नुसते वाचायचे नाही तर बोलायचे, असे ठरवून दोन वर्षांपूर्वी तिने तीन मित्रमैत्रिणींसह एक गट सुरू केला. आता गटात ११ जण आहेत. दर शनिवारी सकाळी दोन तास ही मंडळी सेमिनरी हिल्सजवळ एकाच्या घराच्या गच्चीवर जमतात आणि शेवटचा अर्धा तास प्राचीन ग्रीक बोलून पाहतात. गच्चीचे दार ओलांडले की मराठी, हिंदी, इंग्रजी बंद, असा नियम आहे. तो घालून देणारा मित्र सगळ्यांत जाणकार आहे आणि प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारतो. महिन्यातून एकदा येणाऱ्या एका वयोवृद्ध फादरांचे उच्चारसुद्धा तो सोडत नाही. एकदा कोणीतरी संत्रे सोलत असताना त्याला लॅटिनमध्ये काय म्हणावे असा प्रश्न निघाला, तेव्हा ‘प्राचीन रोमनांना संत्रे ठाऊक नव्हते, म्हणून तो विषयच काढू नये’ असा निवाडा झाला. जुलैत आलेल्या तीन मुली पाच शनिवार गप्प बसल्या आणि यायच्या थांबल्या. त्यांना ओढच नव्हती असे पत्रलेखिकेला वाटते, तरी मन खात राहते. नियम सैल करू या म्हटल्यावर मित्राने वेगळा गट काढण्याची भाषा केली. घरी वडिलांना एमपीएससीची चिंता आहे, आणि काका विचारतात की रामटेक इतके जवळ असताना रोमला कशाला जाता. गट सोडावा की नियम सोडावा, असा तिचा प्रश्न आहे. ताज्या कलमात दोन ओळी आहेत : ‘मी स्वतः शुक्रवारी रात्री चार वाक्ये पाठ करते आणि शनिवारी तीच बोलते. हे कोणालाच माहीत नाही.’

उत्तर :

तुमचे पत्र चार पानांचे आहे, आणि खरी अडचण त्या ताज्या कलमात आहे. नियम, मित्र, वडील, काका आणि संत्रे या सगळ्यांकडे आपण येऊच. पण दोन वर्षे गट चालवणारी, नव्यांना बोलावून आणणारी मुलगी शुक्रवारी रात्री चार वाक्ये पाठ करते आणि शनिवारी तेवढीच म्हणून घरी येते, हे वाचल्यावर माझे बाकी पत्रावरचे लक्षच उडाले. त्या तिघींना ओढ नव्हती असे तुम्ही लिहिता. तुम्हाला ओढ नाही असे कोणाला म्हणता येईल का? तरीही त्या गच्चीवर तुम्ही आणि त्या एकच काम करत होतात, ते म्हणजे चूक होऊ नये याची खबरदारी घेण्याचे. त्यांनी ती गप्प बसून घेतली आणि तुम्ही पाठांतर करून. तुमच्या गाठीशी दोन वर्षांची शिदोरी होती, त्यांच्याकडे ती नव्हती, म्हणून तुमची भीती झाकली गेली आणि त्यांची दिसली.

मी मूळची नागपूरच्या महाल भागातली. पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेले तेव्हा वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारले, ‘कुठे निघालीस?’ मी सहज म्हणाले, ‘लायब्ररीत जाऊन राहिली.’ आपल्याकडे या वाक्यात खटकण्यासारखे काही नाही. तिथे एकीने हसत हसत विचारले, ‘जाऊन राहिलीस? मग गादी-उशी घेतलीस का?’ तिच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, आणि ती पुढे माझी चांगली मैत्रीणही झाली. पण त्या दिवसापासून मी प्रत्येक वाक्य आधी मनात ‘जात आहे’, ‘येत आहे’ असे बसवून मगच बोलू लागले, आणि वाक्य बसेपर्यंत गप्पांचा विषय पुढे निघून गेलेला असे. सहा महिन्यांनी माझी ओळख ‘नागपूरची ती अबोल मुलगी’ अशी झाली होती. आमच्या वाड्यात हे कोणी सांगितले असते तर लोक पोट धरून हसले असते. जी भाषा मी आईच्या कडेवर शिकले तिच्यात माझी ही गत झाली; मग जी भाषा केवळ पुस्तकातून हाती आली तिच्यात त्या तिघींची काय गत झाली असेल? लॅटिनमध्ये ‘मला लाज वाटते’ याला ‘पुदेत मे’ म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेल. आपल्या वाक्यासारखाच त्याचा घाट आहे : लाज वाटते, ती मला वाटते, आणि ‘मी’ त्या वाक्याचा कर्ता नसतोच.

आता नियमाकडे. ‘आत फक्त लॅटिन’ हा नियम तुमच्या मित्राने कोठून घेतला याचा अंदाज करता येतो. रोमजवळच्या फ्रास्काती येथे विवारियुम नोवुम नावाची अकादमी आहे. तिथे देशोदेशीचे तरुण राहायलाच येतात, आणि वर्गात, जेवताना, फिरताना लॅटिन व प्राचीन ग्रीक बोलतात. त्याही आधीचा, सगळ्यांना आवडणारा दाखला फ्रेंच निबंधकार माँतेन्य याचा. त्याचा जन्म १५३३चा. वडिलांनी त्याच्यासाठी फ्रेंच अजिबात न येणारा जर्मन शिक्षक ठेवला आणि मुलाच्या कानावर लॅटिनशिवाय दुसरी भाषा पडू नये अशी घरभर ताकीद दिली. ही उदाहरणे ऐकली की माणसाला स्फुरण चढते आणि तो आपल्या दारावर तशीच पाटी लावतो. पण थोडा हिशेब करून पाहा. आठवड्याला दोन तास धरले तर वर्षाला १०४ तास होतात. जागेपणीचे रोज १५ तास धरले तर तेवढे लॅटिन फ्रास्कातीच्या विद्यार्थ्याला एका आठवड्यात मिळते. तिथे पहिले १०४ तास गप्प बसणारा मुलगा दुसऱ्या सोमवारी तोंड उघडतो; तुमच्या गच्चीवर त्याच गप्पपणाला वर्ष लागेल, आणि वर्षभर कोणी फुकट गप्प बसायला येत नाही. शिवाय माँतेन्यच्या गोष्टीतला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. त्याच्या आईने, वडिलांनी आणि घरातल्या नोकरचाकरांनी त्याच्याशी बोलण्यापुरते तोडकेमोडके लॅटिन शिकून घेतले होते, असे तो स्वतःच लिहितो. म्हणजे त्या घरात नियम कडक होता, पण शिक्षक सोडले तर बाकीच्यांचे लॅटिन मोडकेच होते, आणि तरीही मूल शिकले.

तुमच्या मित्राच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. नियम अजिबात नसेल तर दहा मिनिटांत सगळी मंडळी हिंदीवर येतील; आपले शहरच तसे आहे, दोन मराठी माणसे सीताबर्डीवर एकमेकांशी हिंदीत भाव करतात. म्हणून ‘नियम सोडावा का’ या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. नियम ठेवा, फक्त तो तोंडावरून काढून कानांवर ठेवा. गच्चीवर जे ऐकू येईल ते लॅटिन असेल, पण आलेल्या प्रत्येकाने बोललेच पाहिजे असे नाही. नव्या माणसाला पहिले सहा शनिवार गप्प बसण्याचा अधिकार आहे, हे त्याला दाराबाहेर, मराठीत, आधीच सांगून ठेवा. मी ‘अधिकार’ म्हणते आहे, ‘सवलत’ म्हणत नाही. सवलत घेणारा माणूस ओशाळा होतो.

गप्प बसायचे म्हणजे रिकामे बसायचे असे मात्र नाही. तुम्ही ‘सुर्गे’ म्हणा, नवी मुलगी उठेल. ‘क्लाउदे यानुआम’ म्हणा, ती दार लावून येईल. ‘दा मिही मालुम’ म्हणा, ती फळ उचलून तुमच्या हातात देईल. ‘दा मिही’ आणि ‘दे मला’ यांत अंतर इतके थोडे आहे की मराठी माणसाला ते सांगावेसुद्धा लागत नाही. कोलकात्यात १८६३ साली जन्मलेले रूझ नावाचे इंग्रज गृहस्थ १९०२ ते १९२८ या काळात केंब्रिजच्या पर्स शाळेचे मुख्याध्यापक होते आणि त्यांनी लॅटिन व ग्रीक याच वळणाने शिकवले : शिक्षक कृती करतो आणि बोलतो, विद्यार्थी कृती करतो आणि मग बोलतो. आपल्याकडची संस्कृत संभाषण शिबिरे पाहिलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. तिथेही पहिल्या दिवशी विभक्त्यांचे तक्ते भिंतीवर टांगत नाहीत. ‘मम नाम’ म्हणून छातीवर हात ठेवतात आणि ‘भवतः नाम किम्?’ म्हणून समोरच्याकडे वळतात.

याखेरीज तीन-चार वाक्ये अशी हवीत की ती कोणीही, कधीही, कशीही म्हटली तरी त्यांना चूक मानले जाणार नाही. ‘नोन इन्तेल्लेगो’, म्हणजे मला समजले नाही. ‘लेन्तिउस, क्वाएसो’, म्हणजे जरा सावकाश. आणि सगळ्यांत उपयोगाचे ते ‘क्वोमोदो दीकितुर लातीने...’, म्हणजे ‘याला लॅटिनमध्ये काय म्हणतात’. त्याच्या शेपटीला हवा तो मराठी शब्द जोडायचा. ‘क्वोमोदो दीकितुर लातीने तर्री?’ हे वाक्य माझ्या मते शुद्ध लॅटिन आहे. ग्रीकच्या अर्ध्या तासासाठी ‘ऊ मन्थानो’, म्हणजे मला समजत नाही, एवढे पुरेल. ग्रीकमध्ये आपल्या मुलांचा एक फायदा आहे. अथेन्सच्या जुन्या उच्चारातले थ, फ, ख हे आपल्या तोंडी आयतेच असतात, आणि त्यासाठी युरोपातल्या विद्यार्थ्यांना बरीच खटपट करावी लागते. हा फायदा नव्यांना पहिल्याच दिवशी सांगा. आपल्याला काहीतरी आधीपासून येते हे कळले की माणूस सैलावतो.

चुका सुधारण्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या गटाचे दुखणे तिथे आहे, आणि असे दुखणे असलेले तुम्ही एकटेच नाही. जर्मनच्या गटांत, संस्कृतच्या मंडळांत, अगदी कवितांच्या कट्ट्यावरही ते आढळते. समजा, ‘माझ्याकडे फळ आहे’ असे सांगताना एका मुलीचे क्रियापद चुकले आणि ती म्हणाली, ‘एगो मालुम हाबेत.’ तुमचा मित्र काय करतो? तो हात वर करून थांबवतो, ‘हाबेओ’ म्हणतो, तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतो, आणि तोवर ती मुलगी काय सांगणार होती हे सगळे विसरतात. याऐवजी समोरच्याने सहज उत्तर द्यावे, ‘इता, तू मालुम हाबेस!’ म्हणजे ‘हो, तुझ्याकडे फळ आहे!’ (लॅटिनचा ‘तू’ आपल्या ‘तू’सारखाच ऐकू येतो, ही देवाची कृपा.) तिला उत्तर मिळाले, क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलते हे कानावर पडले, आणि बोलणे पुढे सरकले. पुढच्या वेळी ती ‘हाबेओ’ म्हणेलच असे नाही. सातव्या-आठव्या वेळी म्हणेल. लहान मुलांना आपण असेच शिकवतो. ‘मी पाणी पिली’ म्हणणाऱ्या मुलाला आई व्याकरण सांगत नाही, ‘प्यायलास का पाणी?’ असे म्हणून पेला विसळायला घेते.

तुमच्या मित्राला पुस्तकी आधार लागत असेल तर त्याला दोन दाखले द्या. एक पतंजलींच्या महाभाष्यातला. एक वैयाकरण विचारतो, या रथाचा ‘प्रवेता’, म्हणजे हाकणारा, कोण? सारथी त्याच अर्थाचे लोकांतले रूप वापरून म्हणतो, महाराज, या रथाचा ‘प्राजिता’ मी. वैयाकरण ‘हा अपशब्द’ म्हणून त्याला अडवतो. त्यावर सारथी उत्तर देतो की आपल्याला नियम कुठे लागतो ते कळते, पण लोकांना कोणते रूप इष्ट आहे ते कळत नाही. व्याकरणाच्या एवढ्या थोर ग्रंथात सारथ्याची सरशी झाली आहे, हे विसरू नये. दुसरा दाखला लॅटिनचाच आहे. ‘आप्पेन्दिक्स प्रोबी’ म्हणून एक जुनी यादी आहे. कोणा व्याकरणशिक्षकाने तीत सुमारे २२७ शब्द ‘असे म्हणा, तसे म्हणू नका’ या थाटात मांडले आहेत : ‘ओकुलुस’ म्हणा, ‘ओक्लुस’ नको; ‘कालिदा’ म्हणा, ‘काल्दा’ नको. आज इटलीत डोळ्याला ‘ओक्यो’ आणि गरम गोष्टीला ‘काल्दा’ म्हणतात. बिचाऱ्या गुरुजींनी ज्या चुका टिपून ठेवल्या, त्यांचीच पुढे भाषा झाली. तुम्ही सीझर आणि सिसेरो वाचण्यासाठी शिकत आहात, तेव्हा शुद्ध रूप तुम्हाला हवेच, हे मला मान्य आहे. प्रश्न ते कोणत्या मिनिटाला सांगायचे एवढाच आहे.

ते मिनिट शेवटी ठेवा. मित्राच्या हातात एक वही द्या. दोन तासांत ऐकलेल्या चुका त्याने नावे न लिहिता टिपाव्यात आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्यांतल्या पाच निवडून सगळ्यांसमोर समजावून सांगाव्यात, तेही मराठीत. त्याच्या जाणकारीला जागा मिळेल, आणि कोणाच्याही वाक्यावर घाव पडणार नाही. फादरांची गोष्ट निराळी आहे. ते ‘चेलुम’ म्हणत असतील आणि तुमचा मित्र ‘काएलुम’ म्हणत असेल, तर पहिला उच्चार चर्चच्या परंपरेतला आहे आणि दुसरा सिसेरोच्या काळाचा अभ्यास करून पुन्हा उभा केलेला आहे. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली आणि तिच्यानंतर मिसा, म्हणजे चर्चमधले उपासनाविधी, लोकांच्या भाषांत होऊ लागल्या. त्याआधी ज्यांनी रोजच्या प्रार्थनेत आणि गाण्यात लॅटिन वापरले, अशी माणसे आता किती उरली असतील? अशा माणसाचा उच्चार सुधारणे म्हणजे आजीच्या ओवीतले वृत्त तपासण्यासारखे आहे. दोन्ही उच्चार चालू द्या. मुलांना दोन्ही कळले पाहिजेत.

आता संत्रे. नागपुरात बसून संत्र्याविषयी बोलता येत नाही असा निवाडा होतो, हे वाचून मला हसू आले, पण त्यामागचा समज तपासण्यासारखा आहे. ‘प्राचीन लेखकांनी जे लिहिले तेवढेच लॅटिन’ असे धरले तर ती भाषा तुम्ही बोलत नाही, उद्धृत करता. लॅटिन रोमबरोबर संपले नाही. पुढे दीड हजार वर्षे विद्वान तिच्यात लिहीत होते आणि नवनवे शब्द घडवत होते. एरास्मुस या युरोपीय विद्वानाचे गाजलेले संवाद १५१८ साली प्रथम छापले गेले, ते मुळात विद्यार्थ्यांना बोलायला शिकवण्यासाठीच रचलेले होते. संत्र्यालाही नंतरच्या लॅटिनने नाव दिले : ‘मालुम आउरान्तियुम’. ‘आउरुम’ म्हणजे सोने, त्याचा रंग या शब्दाला चढला आहे. पण मूळ शोधत गेले तर अरबी ‘नारंज’, फारसी ‘नारंग’ असे करत आपण संस्कृत ‘नारङ्ग’पाशी येतो. आपल्या बागेतून गेलेला शब्द रोमची वस्त्रे नेसून परत आला आहे, आणि तुमच्या गच्चीवर त्याला दार बंद! वनस्पतिशास्त्रात आपल्या संत्र्याच्या नावात ‘रेटिक्युलाटा’ हा शब्द आहे, म्हणजे जाळीदार. साल काढल्यावर फोडींवर जी पांढरी जाळी राहते ती नव्या मुलीच्या हातात द्या आणि तो शब्द म्हणा. ती तो जन्मभर विसरणार नाही.

एक इशारा मात्र देते, कारण तुमच्या मित्राच्या मनातली भीती अगदीच निराधार नाही. नुसते बोलणारे गट काही महिन्यांनी हवापाणी, जेवणखाण आणि ‘तू कसा आहेस’ यांतच घुटमळू लागतात. म्हणून दर शनिवारी एखादे पान समोर असू द्या. हान्स ओर्बर्ग या डॅनिश शिक्षकाने लॅटिनमधूनच लॅटिन शिकवणारे पुस्तक १९५५ साली काढले. ते ‘रोमा इन इतालिया एस्त’ या वाक्याने सुरू होते आणि त्याच्या पहिल्या भागात ३५ प्रकरणे आहेत. एक परिच्छेद वाचायचा आणि त्यावर लॅटिनमध्ये प्रश्न विचारायचे : कोण, कुठे, का. उत्तर पुस्तकातच असते, त्यामुळे घाबरणाऱ्यालाही बोट ठेवायला ओळ सापडते. वाचलेल्याविषयी बोलणे आणि बोललेले पुन्हा वाचताना ओळखणे, यातच या खटाटोपाचे सार्थक आहे.

काकांना फार उत्तर देत बसू नका. रामटेकला १९९७ पासून संस्कृत विद्यापीठ आहे आणि ते तुमच्या उपयोगाचेच आहे. ‘अस्ति’ला ‘एस्त’ आणि ‘सन्ति’ला ‘सुन्त’ भेटते तेव्हा दोन्ही भाषा सोप्या होतात, आणि ग्रीकमधले द्विवचन पाहून संस्कृत शिकलेला माणूस दचकत नाही. काकांना एखाद्या शनिवारी गच्चीवर बोलवा. ते येतील, आणि बहुधा संस्कृतात भांडतील.

वडिलांचे मात्र नीट ऐका. लॅटिनमुळे बुद्धी तल्लख होते, वकिलांना आणि डॉक्टरांना ते लागते, अशी उत्तरे देऊ नका. ती कोणालाही पटत नाहीत, तुम्हालाही पटत नसावीत. भारतात या भाषांच्या अध्यापकांच्या जागा अगदी मोजक्या आहेत, हे खरे आहे आणि ते तुम्ही वडिलांच्या आधी म्हणावे. त्यांची चिंता लॅटिनविषयी नसून तुमच्या पुढच्या दोन वर्षांविषयी आहे. परीक्षा द्यायची की नाही हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेले नाही. ते आधी ठरवा. द्यायची असेल तर अभ्यासाचे तास त्यांना दाखवा आणि शनिवारचे दोन तास त्यात ठळकपणे लिहा, लपवू नका. पुण्याला किंवा परदेशात प्राचीन इतिहासाकडे जायचे असेल तर तेही स्पष्ट सांगा, कारण मग ग्रीक ही चैन राहत नाही, ते हत्यार होते. आठवड्याला दोन तास क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला कोणी उपयोग विचारत नाही, असे तुमच्या मनात येईल. ते खरे आहे, पण वडिलांशी बोलताना ते म्हणू नका.

इतिहासाच्या विद्यार्थिनीला एक पाठ मी सुचवीन, आणि तो गटालाही चालेल. इ.स.च्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कोणा अनामिक ग्रीक माणसाने अरबी समुद्रातल्या व्यापाराची जी माहिती लिहून ठेवली, तिला ‘पेरिप्लुस’ म्हणतात. तिच्या ५०व्या आणि ५१व्या परिच्छेदांत भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर ‘पैठाना’ आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तागारा’ ही मोठी शहरे असल्याचे सांगितले आहे. म्हणजे आपले पैठण आणि तेर. हे ग्रीक काही अवघड नाही, आणि ‘हेमेरोन एइकोसि’, म्हणजे वीस दिवस, हे तर तुमच्या नव्या मुलींनाही एका बैठकीत कळेल. तो माणूस या प्रदेशाला ‘दाखिनाबादेस’ म्हणतो आणि कारण देतो की यांच्या भाषेत दक्षिणेला ‘दाखानोस’ म्हणतात. दक्षिणापथाचे हे असे झाले. त्याने कोणाकडून तरी ऐकले, जिभेला जमले तसे म्हटले, आपल्या भाषेचा प्रत्यय लावला आणि लिहून टाकले. तुमच्या मित्राच्या वहीत त्याचे नाव पहिल्या पानावर आले असते.

मित्राशी बोलायचे ते गच्चीवर सगळ्यांसमोर नको. फुटाळा तलावावर चहा घेताना दोघेच बोला, आणि नियमाविषयी बोलण्याआधी शुक्रवारच्या चार वाक्यांविषयी त्याला सांगा. मला वाटते, त्याला धक्का बसेल, कारण आपल्या सुधारण्याने बाकीचे शिकत आहेत असेच तो समजत असणार. तुम्ही मुद्दाम चांगली वाक्ये बोलून त्याचा तो समज दोन वर्षे पक्का केला आहे. तरीही तो वेगळा गट काढतो म्हणाला तर काढू द्या. अशा फाटाफुटीने गट मरतो हे तुम्ही गृहीत धरले आहे, पण शहरात दोन गट झाले तर ज्यांना कडक शिस्त मानवते त्यांची सोय होईल आणि ज्यांना मानवत नाही त्यांचीही होईल. गट सोडण्याचा प्रश्न मला आज तरी पडत नाही. तीन महिने या पद्धतीने चालवून पाहा. त्यानंतरही शुक्रवारी रात्री पाठांतर करावे लागत असेल, तर पुन्हा लिहा.

येत्या शनिवारी मात्र पाठ न करता जा. आंबिया बहराची संत्री कळमन्याच्या बाजारात आली असतील, ती पिशवीभर घ्या, आणि पहिले वाक्य त्यांच्याविषयी, जसे सुचेल तसे, तुम्हीच बोला. त्याआधी त्या तिघींना फोन करा. त्या का थांबल्या हे त्यांना अजून कोणी विचारलेलेच नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. पुन्हा या असा आग्रह लगेच करू नका. त्या काय सांगतात ते ऐकून घ्या, सहा शनिवारांच्या अधिकाराविषयी सांगा, आणि हे सगळे बोलणे मराठीत करा.